फुगीच्या डोक्यावरचं पाणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

प्रभूत सलाम वगैरे शेवटी लिहीन, राग उतरला तर.

फोनवर तुझ्याशी बोलणं होत नाही. मी आवाज चढवला की तू "चल, प्रार्थना करू या" म्हणतोस आणि फोन ठेवतोस. तुझे मिटलेले डोळे मला फोनमधूनसुद्धा दिसतात. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुला माहीत आहे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सही आणि धुलाईच्या गठ्ठ्यांवरच्या खुणा सोडून मी फारसं काही लिहिलेलं नाही. तू जन्मभर चष्मे विकलेस, त्यातला एखादा लाव, पण पुरतं वाच.

तू माझ्या स्वयंपाकघरात माझ्या नातीचा बाप्तिस्मा केलास. मोरीच्या नळाखाली. मी औषध आणायला खाली दुकानात गेले होते. वर आले तर फुगीचे केस ओले, नाकाच्या शेंड्यावर थेंब, आणि तू टॉवेल शोधत होतास. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणालास, "झालं. आता ती आपली झाली."

आपली म्हणजे कुणाची रे? माझी तर ती जन्मली तेव्हाच झाली होती. गालांत हवा भरून फुर्रर्र करते म्हणून फुगी हे नावसुद्धा मीच पाडलं.

मला माहीत नव्हतं, असं तू म्हणूच नकोस. लग्नाला तू आला नाहीस, रुसून बसलास, पण काय ठरलं ते सगळं मी तुला सांगितलं होतं. लेक ख्रिस्ती राहिली, जावई मुसलमान राहिला, कचेरीत सह्या करून लग्न केलं. बाळ पोटात असताना दोघांनी आम्हाला समोर बसवलं, मला, विहीणबाईंना आणि व्याह्यांना. म्हणाले, बाप्तिस्मा नाही आणि कानात अजान पण नाही. पोरीला दोन्हीकडचं बघू दे, ऐकू दे. मोठी झाली की तिचं ती ठरवेल. मी सगळ्यांत शेवटी हो म्हटलं. तोंड वाकडं करून म्हटलं, पण म्हटलं.

आणि ताप होता, जिवाचा भरवसा नव्हता, हे तू कुणाला सांगतोस? जीव जायची वेळ आली तर पाळकाची वाट न बघता कुणीही बाप्तिस्मा द्यावा, हा नियम मलाही माहीत आहे. पण तो ताप दातांचा होता. हिरडी टम्म सुजलेली. मी बोट घातलं तर कडकडून चावली. मरायला टेकलेलं पोर असं चावत नाही.

वर परत तुझ्या चर्चच्या मंडळीत उभं राहून साक्ष दिलीस. लोकांनी गीत गायलं म्हणे. तुझ्या मंडळीतल्या निम्म्या बायकांच्या बहिणी-भाच्या इथंच राहतात. कुणाच्या तोंडातून कुठं जाईल सांगता येत नाही.

तर ऐक. तोंड बंद ठेव. लेकीला आणि जावयाला हे कळता कामा नये. मी सकाळपाळी संपवून दवाखान्याच्या धुलाईघरातून निघते तेव्हा लेक तिथंच कामाला येत असते, तिची केसपेपरच्या खिडकीवर दुपारपाळी. दवाखान्याच्या मागच्या दारात ती फुगीला माझ्या हातात देते. आठवड्यातले निम्मे दिवस माझे, निम्मे विहीणबाईंचे. हे बंद झालं तर मी घरी येऊन भिंतीशी बोलू का?

सलाम.

तुझी बहीण


८ फेब्रुवारी, रविवार

दादा,

तुझं पार्सल मिळालं. पांढरा फ्रॉक परत पाठवते आहे. माप चुकलंय, त्यात दोन फुग्या मावतील. गळ्यातला क्रूससुद्धा त्यातच घातलाय. "हळूहळू उपासनेला नेत जा, कुणाला कळणार नाही," असं तू लिहिलंस. तुझं सगळं कुणाला कळणार नाही यावरच चाललंय. आपल्या लहानपणी तू खांबावर चढून ओरडायचास की मी ख्रिस्ती आहे, या बघायला. आता मोरीत कुजबुजतोस.

गुरुवारी विहीणबाई घरी आल्या होत्या. फुगीची टोपी त्यांच्याकडे राहिली होती ती द्यायला. त्या कपडे बेतायला शिकवतात, त्यामुळं बसल्या बसल्या माझ्या पडद्याची शिवण तपासत होत्या. मी चहा ठेवला. फुगी जमिनीवर पालथी पडून चमचा आपटत होती. बोलता बोलता बाई म्हणाल्या,

"एक सांगू? ही जन्मली त्या दिवशी ह्यांनी माझ्याशी भांडण काढलं. वॉर्डाबाहेर उभे. म्हणाले, एकदाच कानात म्हणतो, हळू म्हणतो, कुणाला कळणारसुद्धा नाही. मी हात धरला त्यांचा. म्हटलं, मला कळेल."

"मग?"

"मग कॅन्टीनमध्ये जाऊन बसले आणि रडले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तोवर मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं."

"जाऊ द्यावं आत असं तुम्हाला नाही वाटलं?"

"वाटलं की. अजून वाटतं. मांडीवर घेतली की ओठांवर येतं माझ्या. मग ओठ मिटते आणि बडबडगीत म्हणते. तुमचंही तसंच होत असेल."

मी चहा ढवळत राहिले. साखर घालायची राहिली होती तरी ढवळत राहिले. बाई म्हणाल्या, "विहीणबाई, कप फुटेल."

दादा, त्या वेळी तू समोर असतास तर मी तुला त्याच कपानं मारलं असतं.

आज उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांना गाठलं. एका बाईच्या घरी असं असं झालंय, असं म्हणून विचारलं. ते माझ्याकडे जसे बघत होते त्यावरून ती बाई त्यांच्या ओळखीची निघाली असणार. मी विचारलं, हे उलटं फिरवता येतं का? ते म्हणाले, नाही. एकदा झालेला बाप्तिस्मा पुसला जात नाही, तो झालाच.

"म्हणजे चांगलंच झालं म्हणायचं," मी म्हटलं.

"झालं म्हणालो. चांगलं झालं असं मी म्हणालो नाही." मग घड्याळ बघून म्हणाले, "ज्यांना फसवलं त्यांना त्या बाईनं सांगावं."

"आणि त्यांनी परत पोर तिच्या हातात दिली नाही तर?"

ते आत वळले. त्यांची पुढची उपासना होती.

मी काही सांगणार नाहीये. फक्त तुला कळावं म्हणून लिहिलं. विहीणबाईंपुढं मला चहा गोड लागेना, एवढंच.

सलाम.

बहीण


१६ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

"तू दारात उभी होतीस आणि तू आमेन म्हणालीस. माझ्या एकट्याच्या डोक्यावर खापर फोडू नकोस." हे तुझं वाक्य मी गेले काही दिवस धुलाईघरात घेऊन फिरते आहे. यंत्रं सुरू असली की कुणाशी बोलता येत नाही, त्यामुळं मनातलं फार मोठ्यानं ऐकू येतं.

बरं. होते मी दारात.

औषधाच्या दुकानात गेले होते ते खरं. पण तू नळ सोडलास त्याआधीच परत आले होते. माझी पिशवी हातातच होती. तू तिला डाव्या हातावर आडवी धरली होतीस, मान अशी मागं, आणि ती रडतसुद्धा नव्हती. तुझ्या दाढीकडे बघत होती. 'पित्याच्या नावानं' म्हणत पाणी घातलंस तेव्हाच मला ओरडता आलं असतं. माझ्या आवाजाला कधी कमी पडलीये का? वीस यंत्रांच्या आवाजात मी मुकादमाला हाक मारते. आणि मला काय वाटलं सांगू? हुश्श वाटलं. लेकीचं लग्न झाल्यापासून छातीवर काहीतरी बसलं होतं ते उठलं. शेवटी तोंडातून आमेन गेलं. घोगरं गेलं, पण गेलं.

संध्याकाळी जावई तिला न्यायला आला. केस अजून दमट होते. म्हणाला, "आई, तापात डोकं धुतलंत?" मी म्हटलं, "आंघोळ घातली कोमट पाण्यानं, उतरला बघा ताप." तो म्हणाला, "तुम्हाला कळतं ते आम्हाला नाही कळत." आणि गेला.

मी तुलाच खोटं लिहिलं, ज्याला खरं माहीत होतं त्यालाच. बहुतेक लिहून बघत होते, कागदावर उतरलं की खरं वाटतं का ते. नाही वाटलं.

आता तुझ्या बाकीच्या पत्राचं. तू लिहितोस, मी विश्वासात कोमट झाले, जावई मला येशूपेक्षा मोठा झाला. दादा, मी माझा येशू सोडलेला नाही. रोज पहाटे बस येईपर्यंत त्याच्याशीच बोलते. फुगीनं त्याला ओळखावं असं मला आजही वाटतं, उद्याही वाटेल. त्यासाठी माझा जीव तुटतो. हे तुला आणि मला सारखंच वाटतं, म्हणून तर आपण दोघं त्या मोरीत सापडलो.

पण मला शास्त्रातली ती विहिरीवरची बाई सारखी आठवते. दुसऱ्या लोकांची, दुसऱ्या डोंगरावर भजणारी, जिच्या भांड्याला येशूची माणसं हात लावत नसत. भर उन्हात तो तिच्यापाशी बसला, तहानलेला. आणि काय केलं त्यानं? पाणी मागितलं. तो देव होता, दादा. विहीर वर आली असती त्याच्यासाठी. तरी त्यानं मागितलं. ती उलट बोलली, वाद घातला, तो ऐकत राहिला. तिला जायचं असतं तर कळशी उचलून ती गेली असती. त्यानं काही तिची वाट अडवली नव्हती. आणि आपण त्याच्या नावानं, त्याच पाण्यानं, दात येणाऱ्या पोरीला बोलता येत नाही तेवढ्यात उरकून घेतलं.

आमचा मुकादम म्हणतो, सगळ्यांचं रक्त सारखंच, मग भेद कशाला. ऐकून ऐकून मला कंटाळा आलाय. मी रक्ताच्या चादरी धुते. सारखं आहे म्हणून मान द्यायचा असेल तर जिथं सारखं नाही तिथं काय करणार? जावयाचं आणि माझं सारखं नाही. तो ज्याला संदेष्टा म्हणतो त्याला मी देव म्हणते. यात मधलं काही नाही. तो बरोबर असेल तर मी चुकीची, मी बरोबर असेन तर तो. तरीसुद्धा त्याची पोर त्याला न विचारता आपली करून घ्यायचा हक्क मला कुणी दिला? माझं खरं आहे म्हणून? तसं तर त्यालाही त्याचं खरंच वाटतं. त्याच्या बापानं असंच कानात काही म्हटलं असतं तर तू आणि मी मिळून आकाश डोक्यावर घेतलं असतं.

शनिवारी लेकीनं मागच्या दारात फुगीला माझ्याकडे दिलं आणि पळाली. मग अर्ध्या वाटेतून परत आली, तिचं ओळखपत्र फुगीच्या मुठीत राहिलं होतं. ते सोडवता सोडवता म्हणाली, "पाळणाघरात मूल ठेवणाऱ्या पोरी बघते ना, दहा वेळा मागं वळून बघत जातात. तुझ्याकडे दिली की मला वळून बघावं लागत नाही, आई."

मी सांगणार आहे. येत्या रविवारी. तू लिहिलंस की सांगितलंस तर तुझं माझं संपलं. बघ बाबा तुझं तू.

बहीण


२५ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

सांगितलं.

चपला न काढता उभ्यानं सांगितलं. बसले असते तर चहा आला असता आणि मग ते राहूनच गेलं असतं. लेक कपड्यांच्या घड्या करत होती. जावई फुगीच्या उंच खुर्चीचा पाय बसवत होता, सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या हातात पेचकस लागतोच. फुगी झोपली होती.

मी म्हटलं, "दादानं फुगीचा बाप्तिस्मा केला. माझ्या घरात. मी तिथं होते आणि थांबवलं नाही."

लेक आधी हसली. "काहीतरीच काय आई." मग तिनं माझं तोंड बघितलं आणि हातातला कपडा खाली ठेवला.

जावई म्हणाला, "कधी?"

"ताप होता त्या दिवशी."

"त्या दिवशी मी घ्यायला आलो होतो. तुम्ही म्हणालात आंघोळ घातली."

"हो."

"म्हणजे पाणी मामांनी घातलं आणि खोटं तुम्ही बोललात."

"हो."

"मला विचारलं असतं तर?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"मग उत्तर तर तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं, मला ओरडणाऱ्यांशी बोलता येतं. "माहीत नसताना केलं असतं तर चूक म्हणालो असतो." आणि परत पेचकस फिरवायला लागला. तो स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता.

लेक मात्र ओरडली. माझीच लेक. म्हणाली, "ह्यांच्या घरी मी काय सांगितलं होतं ठाऊक आहे? माझी आई फटकळ आहे, तोंडावर पाणउतारा करेल, लग्नाच्या दिवशीसुद्धा करेल. पण पाठीमागून काही करणार नाही. तुझ्याबद्दल एवढं एकच मी छातीठोकपणे सांगू शकत होते. तेवढं तरी ठेवायचंस."

"आता तर पाठीमागून नाही ना," मी म्हटलं. "तोंडावर सांगायला आलेय."

"आता काय उपयोग?"

खरंच होतं. 

तेवढ्यात आवाजानं फुगी उठली. मी सवयीनं आत जायला वळले. जावई मध्ये आला नाही की काही नाही, फक्त म्हणाला, "राहू द्या. मी बघतो." आयुष्यात मला खूप शिव्या मिळाल्या आहेत, मुकादमाच्या, माझ्या नवऱ्याच्या, तुझ्यासुद्धा. त्या चार शब्दांएवढं काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फुगी पाळणाघरात जाते. विहीणबाईंकडेसुद्धा जात नाही, कारण पुढचं ऐक. हे कळल्यावर व्याही म्हणाले म्हणे, "त्यांनी पाणी घातलं ना? मग आता मी अजान देणार. मी तेवढा कोरडा का राहू?" जावई बापाशी भांडला. दोघं आता एकमेकांशी बोलत नाहीत. लेक म्हणते, पोर कुणाच्याच घरी नको, सगळ्यांना तिच्यावर शिक्का मारायचाय.

बघ दादा. तू माझ्या मोरीतला नळ सोडलास आणि ओल कुठवर गेली. तुझ्या मंडळीनं यावर पण एखादं गीत म्हणावं.

मी पाळी संपवून मागच्या दारानंच निघते. लेक हल्ली पुढच्या दारानं येते.

बहीण


११ मार्च, बुधवार

दादा,

तुझं पत्र येईल असं वाटलं नव्हतं. तुझं माझं संपलं म्हणाला होतास. तरी आलं, आणि त्यात देवाचं काही नव्हतं, नुसतं "पोर कशी आहे" एवढंच होतं. म्हणून लिहिते.

पोर बरी आहे. वरचे दोन दात आले.

परवा विहीणबाई धुलाईघराच्या फाटकाशी उभ्या होत्या. उन्हात, पर्स छातीशी धरून. मला वाटलं, आता ह्या बोलणार, आणि मी ऐकून घ्यायचं. मी म्हटलं, "आत चला, बसायला बाकडं आहे." आमच्या आत वाफ असते, साबणाचा वास असतो, पण त्या आल्या. चादरींच्या गठ्ठ्यांच्या मध्ये बसल्या.

"मी समजूत काढायला आलेली नाही," त्या म्हणाल्या. "मला राग आहे. राग गेला की सांगेन, तोवर विचारू नका."

"नाही विचारत."

"त्या दिवशी मी तुमच्या घरी बसून कॅन्टीनचं सांगत होते. तुम्ही ऐकत होतात आणि तुमच्या पोटात हे होतं."

"हो."

"मला मूर्ख बनल्यासारखं वाटलं."

मी म्हटलं, "मूर्ख तुम्ही नव्हता."

मग त्यांनी यंत्रातून निघणाऱ्या चादरींकडे बघितलं. गरम रोलरमधून चादर आली की आमच्यातल्या दोघी दोन टोकं धरतात, झटकतात, एकमेकींकडे चालत येतात आणि टोक देतात. त्यात बोलायचं नसतं. बाई म्हणाल्या, "ह्यांना मी अजान देऊ दिलेली नाही. अजून रोज मागं लागतात. म्हणतात, त्यांनी शब्द मोडला मग आपल्याला कसला शब्द. मी सांगितलं, तो शब्द आपण त्यांना दिलाच नव्हता. पोरीला दिला होता. तिनं कुठं मोडलाय?"

दादा, मी इतकी वर्षं बाकावर बसून उपदेश ऐकते. हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. आणि सांगणारी बाई येशूला देव मानत नाही. याचं काय करायचं ते मला कळत नाही. मी त्यावर अजून काही ठरवलेलं नाही. फक्त बाकड्यावर तिच्या शेजारी बसले असताना तो तिथंच कुठंतरी आहे असं मला वाटलं, आणि माझ्या बाजूनं बोलत नव्हता.

जाताना मी विचारलं, "तुम्ही हे व्याह्यांना सांगता, त्यांना पटतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण माझ्या हातचं जेवतात अजून."

आता माझं. लेकीनं मला रविवारी दुपारी घरी यायची परवानगी दिली आहे. तिच्या घरी, तिच्यासमोर. मी खुर्चीवर बसते, ती फुगीला आणून मांडीवर देते. मी पाहुणी असल्यासारखी. फुगीसाठी मनात प्रार्थना येते तेव्हा मी ती मनातच ठेवते. देव तिथंही ऐकतो, त्याला माझे ओठ लागत नाहीत. गेल्या रविवारी फुगीनं हात बरबटवून घेतले. मी सवयीनं उठले. लेकीचे घड्या घालणारे हात थांबले. जावयानं वर्तमानपत्र खाली केलं.  मी पोरीला जावयाकडे दिलं आणि म्हटलं, "तुम्ही धुता का?" त्यानं धुतले. परत आणून तिला माझ्याच मांडीवर ठेवलं. वर्तमानपत्र मात्र परत उचललं नाही, मी जाईपर्यंत बघत बसला. त्याचं बरोबर आहे. मी त्याच्या जागी असते तर इतक्या लवकर घरातसुद्धा घेतलं नसतं.

तू एप्रिलमध्ये यायचं म्हणतोस. माझ्याकडे उतर, खाट आहे. पण आधी सांगून ठेवते. माझ्या घरी येण्याआधी तू त्यांच्या घरी जायचं. बाप्तिस्म्याबद्दल माफी माग असं मी म्हणत नाही. तुझा त्यावर विश्वास आहे आणि तुझ्या विश्वासाची माफी मागायला लावणारी मी कोण? पण न विचारता केलंस, एका बापाला त्याच्या पाठीमागं बाजूला सारलंस, त्याबद्दल बोल. पवित्र शास्त्र घेऊन जाऊ नकोस. फ्रॉक नेऊ नकोस. काही समजावू नकोस. तुला समजावल्याशिवाय राहवत नाही हे मला माहीत आहे, म्हणून लिहिते.

मी जावयाला सांगितलं की तू येणार आहेस. त्याला म्हटलं, भेटायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी गळ घालणार नाही. तो म्हणाला, "दार उघडेन की नाही, आत्ता सांगू शकत नाही." मी म्हटलं, "नका सांगू."

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मी तुला फाटकापर्यंत सोडेन आणि खाली थांबेन, वर येणार नाही. मी असले की माझ्याकडे बघून ते उघडतील, आणि तसं नकोय मला.

बेल एकदाच दाब. मग थांब.

प्रभूत सलाम.

तुझी बहीण